चौऱ्याहत्तरावं पान

लोणावळ्यात गुडदाणीच्या, म्हणजे आजच्या चिक्कीच्या, पुड्यांना चिकटवायची लेबलं आणि मराठीतलं राज्यशास्त्र एकाच यंत्रावर छापलं जात असे, हे आज कोणाला सांगितलं तर तो हसेल. पण मी तिथं जुळारी होतो. सकाळी लेबलांचे खिळे, म्हणजे छापायची शिशाची अक्षरं, जुळवायचे, दुपारी 'सत्तेची विभागणी' या प्रकरणाचे. यंत्र पायानं मारायचं होतं आणि त्याला दोन्हींतला फरक कळत नव्हता. मालकांना मात्र लेबलांचा भारी राग. "अहो जुळारी, हे दोन तास आपण पोटाची चाकरी करतो आहोत, उरलेला दिवस आपला," असं ते रोज सकाळी मला दारातच सांगत. मी कालचं विसरलो असेन अशी त्यांना शंका असावी.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची सात-आठ वर्षं मी त्यांच्याकडे काढली. त्यापूर्वी पुण्यातल्या दोन छापखान्यांत माझं पटलं नव्हतं. माझा स्वभाव तेव्हा आजच्यापेक्षा वाईट होता. थोरला भाऊ रेल्वेत, लोणावळ्याला. त्याच्याकडे चार दिवस म्हणून आलो आणि बाजारामागच्या एका बंगल्याच्या तबेल्यात छापखाना आहे असं कळलं. आत गेलो तर एक उंच, किडकिडीत, पन्नाशीचे गृहस्थ छापलेला कागद शेगडीवर धरून पापड भाजावा तसा खालीवर करत होते. लोणावळ्याच्या हवेत पावसाळाभर कागद ओलसर राहतो, शाई वाळता वाळत नाही, त्यावरचा हा त्यांचा इलाज. मला पाहून म्हणाले, "आपण बसा. नागरिकत्व जरा ओलं आहे."

मी बसलो तो आठ वर्षं उठलो नाही.

पूर्वी ते पुण्यात कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत. ते सोडून इकडे का आले, हे मी तीनदा विचारलं आणि तीन वेगळी उत्तरं मिळाली. त्यांतलं मला पटलेलं असं: राज्य ज्यांच्यावर चालतं त्यांच्यापैकी एकही माणूस वर्गात बसलेला नसतो, आणि हे एका सकाळी शिकवता शिकवता त्यांच्या ध्यानात आलं. बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. एक ट्रंक, पुस्तकांची सात खोकी आणि हे पायानं मारायचं यंत्र घेऊन ते घाटमाथ्यावर आले आणि शेतकऱ्याला वाचता येतील अशा बारीक बारीक पुस्तिका काढू लागले. कर कोण बसवतो, कायदा कुठं होतो, तलाठ्याचा अधिकार कुठं संपतो. बिघडलेले कागद गुडदाणीवाला पुड्यांना न्यायचा. एकदा मुंबईचं कोणी पाहुणं कुटुंब बाजारात उभं राहून पुडीवरचा मजकूर वाचत होतं, तर मालक त्यांच्याजवळ जाऊन म्हणाले, "याचा पुढचा भाग पाहिजे असल्यास शेंगदाण्याच्या पुडीत असेल."

त्यांची एक खोड गावात सगळ्यांना माहीत होती. छापखान्यात आम्ही तीन माणसं. ते, मी आणि यंत्र मारणारा गणूभाऊ. गणूभाऊ भाजे गावचा, मळवलीहून गाडीनं यायचा, दंड माझ्या मांडीएवढे. कुठलीही गोष्ट या तिघांच्या मतानं व्हायची. होळीला सुट्टी द्यायची का, नव्या पुस्तिकेला पिवळं वेष्टण की निळं, खिडकीची फळी कोणी ठोकायची. एका मडक्यात चिंचोके टाकायचे. फोडलेला पांढरा म्हणजे होकार, अख्खा म्हणजे नकार. मत गुप्त. तीन माणसांत काय गुप्त राहणार? त्यात गणूभाऊ नेहमी अख्खाच टाकायचा, कारण फोडलेला त्याच्या बोटांत सापडत नसे असं तो म्हणायचा.

"मालक, तुमीच सांगा की काय ते, आमी करतो."

"मालक म्हणू नका, गणूभाऊ. इथं मालक कोणी नाही."

"बरं, मालक."

एकदा त्यांनी एका पुस्तिकेला बारा पानांची प्रस्तावना लिहिली. मला ती लांबलेली वाटली, गणूभाऊला जुळवलेले खिळे जड लागले. मडक्यातून दोन अख्खे निघाले. त्यांनी प्रस्तावना चार घड्या करून कोटाच्या खिशात टाकली आणि संध्याकाळी स्वतः चहा करून आम्हाला दिला. आपल्याच लिखाणाविरुद्ध गेलेलं मत मुकाट्यानं मानणारा विद्वान मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. त्या दिवसापासून माझा त्यांच्यावर जीव जडला, हे कबूल करायला आता काही हरकत नाही.

दुसरी खोड कामाची होती. कोणताही मजकूर छापण्याआधी तो मोठ्यानं वाचून दाखवायचा, तोही ज्यांना लिहितावाचता येत नाही अशांना. बाजाराच्या दिवशी दुपारी तबेल्यासमोर चारपाच जण जमत. स्टेशनवरचा एक हमाल, एक भाजीवाली, मोळीचे फाटे विकायला येणाऱ्या बाया. मालक उभे राहून वाचत. ऐकणाऱ्याला जे वाक्य आपल्या बोलीत परत सांगता येणार नाही, ते खोडायचं. या नियमात कित्येक भारदस्त शब्द गारद झाले. 'सार्वभौम' पहिल्याच दिवशी गेला. त्याच्या जागी आलं, 'जिच्यावर दुसरी कोणाची सत्ता नाही अशी सत्ता'. हमाल म्हणाला, "म्हंजी टेशनमास्तर." मालकांनी गंभीरपणे वहीत लिहून घेतलं: उदाहरण चुकीचं, शंका योग्य.

अशाच एका दुपारी ठकूबाई पहिल्यांदा बसली. आंदर मावळातली बाई, साठीची, हाडकुळी, कपाळावर मोळीच्या चुंबळीचा वळ. तिची मोळी विकली गेली नव्हती म्हणून ती टेकली होती, ऐकायला नाही. मालक गावाच्या कारभाराबद्दल काहीतरी वाचत होते. चारपाच वाक्यं झाल्यावर ती म्हणाली, "ह्ये बोलनं आमी ऐकलंय."

"कोणतं बोलणं?"

"ह्येच. तुमचं. असंच बोलत्यात त्ये." आणि तिनं मोळीकडे बघत, एकही अक्षर न चुकता, पुस्तकी मराठीत म्हणून दाखवलं, "पुष्कळांच्या सुखासाठी थोड्यांनी आपली जागा सोडणे, यातच राज्याची प्रगती आहे."

मालकांचा चेहरा मी विसरणार नाही. आनंद मावेना त्यांचा. बारातेरा वर्षांपूर्वी, पुण्यात असताना, त्यांनी राज्यशास्त्राचं एक जाडसर पुस्तक लिहिलं होतं, त्यातलं हे वाक्य. मोळी विकणाऱ्या बाईच्या तोंडी ते असावं, याहून मोठा मान कोणत्या ग्रंथकाराला मिळायचा? ते दोन पावलं पुढं गेले. "हे माझं वाक्य आहे. पान चौऱ्याहत्तर. आपण कुठं ऐकलंत?"

"चावडीत," ठकूबाई म्हणाली. "धरनाचं चाललं व्हतं तवा. आमचं गाव पान्यात जायाचं व्हतं. गावानं अर्ज लिवून आनला व्हता, आमी जात न्हाई म्हनून. तर त्यो कारकून हुबा ऱ्हायला आन् त्यानं पुस्तक काडलं. म्हनला, ह्ये बगा, तुमच्याच मराठी मानसानं छापलंय, साहेबानं न्हाई. आन् वाचलं. तीनदा वाचलं. छापल्यालं म्हंजी खरंच आसंल. अर्ज आमच्या धोंडीबाच्या हातात व्हता, त्यानं कमरंला खोचला त्यो पुन्ना काडला न्हाई."

भाजीवालीनं पाटी सारखी केली.

"तुमी लिवलंत व्हय त्ये," ठकूबाई म्हणाली. तिनं विचारलं नव्हतं, नुसतं म्हटलं. मग मोळी डोक्यावर घेतली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी छापखाना बंद राहिला, मतदानाशिवाय. तिसऱ्या दिवशी ते माझ्याजवळ येऊन उभे राहिले. मी लेबलं जुळवत होतो. "जुळारी, मी धरण पाहिलं नव्हतं," ते म्हणाले. "ते प्रकरण लिहिताना. एकही पाहिलं नव्हतं. सिद्धांत इंग्रजी पुस्तकातून घेतला होता, त्याला एक ताजं उदाहरण हवं होतं. विजेसाठी तलाव, हे फार आधुनिक वाटलं." मी म्हटलं, तुमच्या वाक्याविनाही धरण झालंच असतं. ते म्हणाले, "झालं असतं. पण तो अर्ज पुढं गेला असता."

तिथून पुढची दोन-तीन वर्षं खळीची. त्यांनी माझ्याकडून चार बोटांची एक चिठ्ठी जुळवून घेतली: 'पान ७४ वरील विधान चुकीचे आहे. ज्यांना जागा सोडावी लागणार त्यांना विचारल्याविना व त्यांनी हो म्हटल्याविना तसे करणे हा राज्याचा अधिकार नव्हे.' पुस्तकाच्या कोणत्या प्रती कोणाकडे गेल्या याची त्यांच्याकडे वही होती. ती वही, चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणि पितळी डब्यात मोरचूद घातलेली गव्हाची खळ घेऊन ते दर रविवारी निघायचे आणि एकेक प्रत गाठून चौऱ्याहत्तराव्या पानावर स्वतःच्या हातानं चिठ्ठी डकवायचे. मोरचूद कशाला, तर ते नसलं तर कसर खळ खाऊन चिठ्ठी सोडवील आणि वाक्य पुन्हा मोकळं होईल.

तळेगावच्या एका वाचनालयात ग्रंथपालानं पुस्तकाला हात लावू दिला नाही. लेखक असलात तरी पुस्तकाला खळ लावायची परवानगी नाही, म्हणाला. मालक तिथले वर्गणीदार झाले, पुस्तक रीतसर घरी आणलं, चिठ्ठी डकवली आणि मुदतीत परत केलं. वडगावला एका वकिलांकडची प्रत सापडेना. शेवटी त्यांच्या बायकोनं दाखवली. डुगडुगणाऱ्या कपाटाच्या पायाखाली होती. गणूभाऊनं कपाट उचलून धरलं, मालकांनी बसकण मारून पान काढलं, चिठ्ठी लावली, फुंकर घालून वाळवली आणि पुस्तक होतं तसं पायाखाली सरकवलं. वकील म्हणाले, "कोण वाचणार आहे हो हे इथं?" मालकांनी नमस्कार केला, बाहेर आल्यावर मला म्हणाले, "त्या कारकुनानं वाचलं होतं ना?"

मला त्यांची काळजी वाटायची. छातीत कफ, अंगात कणकण, तरी माणूस कामशेतच्या रस्त्यानं डबा घेऊन चाललेला. मी रागावायचो. खरं सांगायचं तर मला ठकूबाईचाच राग यायचा. इतकी वर्षं गप्प होती, आणखी थोडी राहिली असती तर काय बिघडलं असतं, असं मनात येई. हा विचार चांगला नव्हता, पण येई.

चिठ्ठ्यांनी त्यांचं समाधान झालं नाही. पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायची आणि ते पान नव्यानं लिहायचं, असं त्यांनी ठरवलं. आणि ते ठकूबाईला पटल्याशिवाय छापायचं नाही. मडक्यात दोन पांढरे आणि गणूभाऊचा नेहमीचा अख्खा पडला. इथून त्यांचा जीव त्या एका पानात अडकला. बाजारच्या दिवशी ते पान घेऊन ठकूबाईसमोर उभे राहत. ती आमच्या अंगणात पुन्हा कधी बसली नाही. डोक्यावर मोळी तशीच ठेवून, उभ्यानं ऐकायची. शेवटपर्यंत ऐकायची, "न्हाई," म्हणायची आणि चालू लागायची. मालक घरी येऊन पान फाडायचे. असं आठ वेळा झालं. नवव्या वेळी मालकांच्या तोंडून निघून गेलं, "बाई, नाही म्हणजे काय नाही, ते तरी सांगा."

त्या दिवशी तिनं मोळी खाली ठेवली.

"थोडं, थोडं म्हनताय. आदीबी थोडं म्हनलं व्हतं, आताबी थोडं. थोडं म्हंजी कोन?"

"म्हणजे आपण. आपलं गाव."

"मंग आमची नावं न्हाईत व्हय? एकेचाळीस चुली व्हत्या."

मालक तिच्याच मोळीवर बसले आणि वही काढली. ती सांगत गेली, ते लिहीत गेले. मारुतीच्या देवळापासून उगवतीला, घरामागून घर, गाव समोर असल्यासारखी ती बोटानं दाखवत होती. गेनबा, कोंडीबा, विठोबा. मालकांनी फक्त कर्ते पुरुष लिहिले, तर थांबवून म्हणाली, "त्या घरात बापय नव्हता. सखूबाई लिवा." एका ठिकाणी बोट अडखळलं. "हितं चुली दोन धरा. भावाभावांचं पटत नव्हतं." लिहून झाल्यावर तिनं यादी परत वाचायला लावली. वाचून झाल्यावर "न्हाई" म्हणाली नाही. मोळी उचलून गेली.

मी ते पान जुळवायला घेतलं आणि पंचविसाव्या नावावर 'ब'चा खण रिकामा झाला. पुरुष सगळे कोंडीबा आणि बाया सगळ्या सखूबाई. एवढे 'ब' कुठल्या छापखान्यात असतात? घासलेले, तुटके, मथळ्याचे मोठे, मिळतील तिथले उपसून पान पुरं केलं. बाकी पुस्तक छापून झालं होतं, या पानापुरता कागद यायचा होता, त्यामुळे ते पान जुळवलेलंच बांधून ठेवलं आणि तोवर आमच्याकडे 'ब' नावाचं अक्षर उरलं नाही. लग्नपत्रिकेच्या कामात एका नवरदेवाचं नाव बबन होतं. त्याच्या वडिलांना मी हात जोडून दुसरीकडे पाठवलं.

पान बांधून पडलेलं असतानाच पुण्याहून मालकांचे जुने सहाध्यायी आले. तिथल्या एका मोठ्या ग्रंथमालेचे ते संपादक होते. त्यांनी आमच्या पुस्तकाचे छापलेले फर्मे आणि त्या पानाचा कच्चा छाप दोन दिवस बसून वाचले आणि निघताना म्हणाले, इतकं सोपं आणि इतकं खरं राज्यशास्त्र मराठीत नाही, हे आमच्या मालेत घेतो. म्हणजे महाराष्ट्रातल्या झाडून सगळ्या वाचनालयांत ते गेलं असतं. आमच्या तबेल्यातून ते मळवलीपलीकडे जायची मारामार. अट एकच. चौऱ्याहत्तराव्या पानावरची यादी काढायची. सिद्धांतातली दुरुस्ती राहू द्या, ती उत्तमच आहे. पण शास्त्राच्या ग्रंथात ही जमाबंदीसारखी नावं शोभत नाहीत. पंधरवड्यात कळवा.

मालकांनी मडकं मांडलं. मी पांढरा चिंचोका टाकला, म्हणजे यादी काढा. मला ते पुस्तक वाचलं जायला हवं होतं. त्या माणसाच्या आयुष्याचं काही तरी व्हायला हवं होतं. मडकं उपडं केलं तर तिन्ही पांढरे. मी गणूभाऊकडे पाहिलं. तो म्हणाला, "आज सापडला बोटांत."

तिसरा मालकांचा होता. त्यांनी तिन्ही चिंचोके ओळीनं मांडले. "मलाही हवं आहे ते," हळू म्हणाले. "फार हवं आहे. पण जुळारी, तिघांचं एकमत झालं आणि ज्यांची नावं काढायची त्यांच्यातला एकही या खोलीत नाही. चावडीत हेच झालं होतं." त्यांनी चिंचोके परत मडक्यात टाकले. आठ वर्षांत मतदानाचा निकाल न मानल्याची ती एकच वेळ.

ते ठकूबाईकडे गेले. सगळं सांगितलं, पुण्याचं, अटीचं, स्वतःला काय हवंय तेही. ती म्हणाली, "मला इचारताय? माझ्या एकलीचं हाये का त्ये? समद्यांना इचारा." गाव सहा ठिकाणी पांगलेलं. काही चुली भाज्याला मजुरीवर, काही नवलाख उंबऱ्याला पाहुण्यांच्या आसऱ्यानं, काही पाण्याच्या वर डोंगरात. पंधरवड्यात सहा ठिकाणं होणार नाहीत हे मालकांना कळत होतं. त्यांनी पुण्याला पत्र टाकलं, विचारायला वेळ लागेल. उलट टपालानं दोन ओळी आल्या, मालेत दुसरं पुस्तक घेतलं आहे, क्षमस्व. त्या वाचून त्यांनी पत्र माझ्याकडे दिलं आणि शेगडीवर कागद भाजायला बसले. मी पलीकडे जाऊन खिळे पुसत राहिलो. मला रडू आलं होतं आणि ते त्यांना दिसायला नको होतं.

"आता विचारायचं काय उरलं?" मी संध्याकाळी म्हटलं.

"छापायचं तर आहेच ना," ते म्हणाले. "विचारल्याशिवाय कसं छापू?"

मग भातं झोडून झाल्यावर, मार्गशीर्षात, आम्ही निघालो. मालक, मी, गणूभाऊ आणि ठकूबाई. पहिलं नवलाख उंबरं. पाचसहा घरांची माणसं पिंपळाखाली बसली. मालकांनी पान वाचलं, मग यादी. सातव्या नावाला एक म्हातारा मागून म्हणाला, "हाये." चावडीत हजेरी द्यावी तसं, सहज. त्यानंतर जिथं गेलो तिथं तसंच झालं. मालक नाव वाचून थांबायचे, कोणी तरी ओ द्यायचं. माणूस दुसऱ्या वस्तीवर असला तर शेजारी सांगायचा, "भाज्याला हाये." मेलेला असला तर, "ल्योक हाये," "सून हाये." एका नावाला कोणीच बोललं नाही. मग ठकूबाई म्हणाली, "त्या घरचं कुनी न्हाई ऱ्हायलं. पर नाव ऱ्हाऊ द्या." नावं ठेवू का काढू, असं मालक प्रत्येक ठिकाणी विचारत. काढा कोणीच म्हटलं नाही.

पाचव्या वस्तीवर सगळं झाल्यावर ठकूबाई म्हणाली, "समदी नावं झाली. चूक केली त्याचं कुटंय?"

चिठ्ठीवर नव्हतं, नव्या पानावरही नव्हतं. 'विधान चुकीचे आहे' एवढंच. विधान काय आपोआप उगवलं होतं? मला, आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या जुळाऱ्याला, हे कधी खटकलं नव्हतं. मालकांनी पेन्सिल काढली आणि एकेचाळीस नावांच्या खाली बेचाळिसावं लिहिलं. पुढं ते पान छापलं तेव्हा ते तिथंच जुळवायला सांगितलं आणि वेष्टणावरचं काढून टाकायला लावलं. नाव एकदाच, लागतं तिथं, म्हणाले. म्हणून मीही ते इथं लिहीत नाही.

सहावी वस्ती पाण्याच्या वरची. डोंगराच्या पोटात सात-आठ छपरं आणि समोर एक खळं, नुकतंच सारवलेलं. खाली सगळं पाणी. दुपारचं ऊन त्यावर होतं, म्हणून कोणी तिकडे बघत नव्हतं. चढून येता येता मालकांना खोकला लागला आणि आवाज पार बसला. त्यांनी पान माझ्या हातात दिलं आणि कडेला उभे राहिले.

मी वाचलं. मजकूर वाचला, मग नावं. जुळवताना ती मी उलटी वाचली होती, बोटांनी वाचली होती, तोंडानं कधी वाचली नव्हती. "हाये." "उंबऱ्याला हाये." "नात हाये." मधे एका तान्ह्या पोराच्या आईनं आजेसासऱ्याच्या नावाला ओ दिली आणि पोराला उचलून दाखवलं. एकेचाळीस झाली. पानाच्या तळाशी पेन्सिलीनं लिहिलेलं नाव होतं. ते वाचावं की नाही, मला कळेना. मी ठकूबाईकडे पाहिलं. ती नुसती बघत होती.

मी वाचलं, आणि थांबलो.

खळ्यावर कोणीच बोललं नाही. मग कडेनं, बसलेल्या आवाजात, मालक म्हणाले, "हाये."

खळ्यावर बसलेल्या एकानं जरा सरकून जागा केली, आणि ते त्याच्याशेजारी खाली बसले.